साल

कोर्टाच्या आवारात, स्टॅम्पवाल्यांच्या रांगेत
माझं टेबल तिसरं. वर निळी ताडपत्री.
लोक मराठीत सांगतात,
मी कानडीत टाइप करते,
आणि सहीआधी तेच पुन्हा मराठीत वाचून दाखवते.
वाचून दाखवायचे पैसे मी घेत नाही.

लुमाण्णा धामणेकर पहिल्यांदा आला तेव्हा
वकिलाच्या कारकुनानं विचारलं, ‘एष्टु साल?’
तो म्हणाला, ‘अकरा.’
अकरा काय? हजार? लाख?
‘वर्षं हो. उद्यमबागेत शेड घेऊन अकरा झाली.’
कानडीत साल म्हणजे कर्ज.
कारकून हसला.
मला वाटलं, माणूस फार चुकलेला नाही.

मग दर मंगळवारी एक प्रश्न.
वकिलाला विचारलं तर फी पडते, मला विचारलं तर चहा.

‘पेपरात नाव येतंय काय?’
गॅझेटात येतं. ते कुणी वाचत नाही.
‘आणि पेपरात?’
कधी कधी.
‘मराठी की कानडी?’

अर्जावर शब्द होता दिवाळी.
दिवाळं निघालेल्याला कानडीत तेच म्हणतात,
सणाला तिकडं वेगळं, लांब नाव आहे.
सहावीपर्यंतचं कानडी आठवत
त्यानं अक्षर अक्षर लावलं
आणि माझ्याकडं असं बघितलं,
जसा मी कागदावर आकाशकंदील टांगलाय.

‘घरातलं काय काय नेतात?’
भांडीकुंडी नाही. अंथरूण-पांघरूण नाही.
बायकोचं मंगळसूत्र नाही.
कारागिराची हत्यारं नाहीत.
‘लेथ हत्यार काय?’
मी वकिलांना विचारून आले.
म्हणाले, दोन्ही बाजूंनी बोलता येतं.
‘म्हंजे?’
म्हणजे कुणालाच माहीत नाही.
तो बोटांकडं बघत बसला.
नखांत लोखंडाचा चुरा,
तो कुठल्या यादीत धरायचा, हेही कायद्यात नव्हतं.

‘दुसरी वाट?’
सोसायटीत जाऊन एकरकमी बोलायचं.
व्याज सोडतात थोडं, चेअरमन नवा आहे.
लोक अदालत आहे. तिथं निदान खुर्ची देतात.
मोठी लेथ विका, धाकटी ठेवा.
पिग्मी मोडा.
‘पिग्मी कवाच मोडली.
पिग्मीवाला अजून येतोय दारात, सवयीनं.
च्या पिऊन जातोय.’

पाचव्या मंगळवारी अर्ज तयार.
पेनाचं टोपण काढून तो थांबला.
‘मी सुटलो, तर भरमा सुटतोय काय?’
भरमा मुतगेकर, जामीनदार. शेजारची शेड.
‘सही करताना आकडा पण इचारला नव्हता त्यानं.
जेऊनच जा म्हणालता.’

हे मला कुणाला विचारावं लागत नाही.
नऊ वर्षांपूर्वी खानापूरच्या एका सौहार्दमध्ये
बहिणीच्या नवऱ्यासाठी मी सही केली,
न वाचता,
मी, जी दिवसभर लोकांना वाचून दाखवते.
तो गोव्याला गेला. पत्ता आहे, माणूस नाही.
नोटीस माझ्या नावानं येते, चांगल्या शुद्ध कानडीत.
टाइप कुणी केली तेही मला कळतं.
पलीकडून दुसरं टेबल. त्याच्या मशीनचा ‘ल’
ओळीच्या जरा खाली बसतो.

‘नाही,’ मी म्हटलं, ‘मग ते त्याच्याकडं जातात.’

त्यानं टोपण लावलं.
चहाचे पैसे दिले, माझ्याही.
अर्ज माझ्या खणात राहिला, कार्बन कॉपीसकट.

तीन मंगळवार कुणी नाही.
चौथ्याला दोघं आले,
एकाच स्टुलावर अर्धे अर्धे टेकले.
‘सोसायटीला पत्र लिवा बाई, तडजोडीचं,
दोघांच्या नावानं.’
भरमाच्या हातात कपाशी, दंडाला ग्रीस.
तो त्याच्याशी बोलत नव्हता, हे मला उशिरा कळलं.
मी कागद चढवला, तारीख मारली.
मग भरमानं पहिल्यांदाच तोंड उघडलं.
‘किती साल?’
बोटं कळांवर, आणि क्षणभर मला उमगेना
तो कुठल्या भाषेत विचारतोय.